गणिताच्या तासाला संगणक कशासाठी?

शाळेत एखादे नवे साधन आले की त्याच्याभोवती दोन पक्ष उभे राहतात. एका पक्षाला त्या साधनात साऱ्या दुखण्यांवरचा उतारा दिसतो, तर दुसऱ्याला ते निव्वळ थोतांड वाटते. संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याच्या शिक्षणाचे, म्हणजेच सर्वतोमुखी झालेल्या 'कोडिंग'चे, आज तेच झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर असे उपक्रम सुरू करण्याची शिफारस केली. त्याच सुमारास खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींनी पालकांच्या मनात धास्ती भरवली की, ज्या मुलाला दहाव्या वर्षी आज्ञावली लिहिता येणार नाही, त्याचे पुढे काही खरे नाही. या गलबल्यात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. मुलाने आज्ञावली लिहावी ती कशासाठी? भावी नोकरीसाठी, की आज समोर असलेले गणित समजावे म्हणून?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२३ च्या 'असर' अहवालासाठी ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली, तेव्हा तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण निम्म्याहून अधिक जणांना सोडविता आले नाही. ज्या पिढीच्या हाती भ्रमणध्वनी आहे पण भागाकार नाही, तिच्यापुढे 'कोडिंग' हा आणखी एक स्वतंत्र विषय ठेवल्याने काय साधणार? तेव्हा आज्ञावली लिहायला शिकविणे हे गणित शिकविण्याचे साधन होऊ शकते काय, आणि होत असल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

देवळालीचे गुरुजी

या विचारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पंचवटीपासून काही मैलांवर देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे अध्यापन केले. गणितातील पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि विद्यापीठीय गणितज्ञांनी प्रारंभी त्यांची फारशी दखलही घेतली नाही. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा विशेष जाहीर केला. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक झाले. १९८६ मध्ये कापरेकर निवर्तले. त्यांचा 'स्थिरांक' आज देशोदेशींची मुले संगणकावर पडताळून पाहतात. नाशिकच्या किती वर्गांत तो पडताळला जातो, हा मात्र ज्याने त्याने स्वतःला विचारण्याचा प्रश्न आहे.

कृती अगदी सोपी आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आणि आलेल्या वजाबाकीवर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ पासून आरंभ केल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४ च येते. अशा ८,९९१ संख्या आहेत आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या या एकाच मुक्कामाला पोहोचते. कापरेकरांनी हे कागद-पेन्सिलीने शोधले. आजचा आठवीतला विद्यार्थी दहा-पंधरा ओळींची आज्ञावली लिहून सर्वच्या सर्व संख्या काही क्षणांत तपासू शकतो.

तथापि या उपक्रमाचे मोल संगणकाच्या वेगात नाही. ते आहे विद्यार्थ्याची आज्ञावली जिथे अडखळते त्या जागी. १११२ ही संख्या घ्या. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ उरतात. संगणकाने ही तीन अंकी संख्या मानली, तर पुढची वजाबाकी ९९९ उणे ९९९, म्हणजे शून्य येते आणि कापरेकरांचा सिद्धांत चुकीचा ठरल्यासारखे दिसते. परंतु तीच वजाबाकी ०९९९ अशी चार स्थानांत लिहिली की ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१, तेथून ८०८२, मग ८५३२ आणि अखेर ६१७४. हजारच्या स्थानावरचे एक शून्य गाळल्याने सारा हिशोब कोसळतो. स्थानिक किंमत हा धडा दुसरीपासून घोकणाऱ्या मुलाला शून्य ती जागा कशासाठी राखून ठेवते, हे अशा वेळी खऱ्या अर्थाने उमगते. शिक्षकाने फळ्यावर दहा वेळा सांगून जे साधत नाही, ते स्वतःच्या हातून झालेली चूक स्वतः शोधताना साधते.

पडताळा आणि सिद्धता

येथेच गणितशिक्षकाचे खरे काम सुरू होते. संगणकाने ८,९९१ संख्या तपासल्या, ठीक आहे. पण असे का होते? संगणक या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्यासाठी बीजगणिताकडे वळावे लागते. चढत्या-उतरत्या क्रमातील अंकांना अ, ब, क, ड अशी नावे द्यावीत, त्यांत अ सर्वांत मोठा आणि ड सर्वांत लहान. मग प्रत्येक वजाबाकी म्हणजे अ आणि ड यांच्या फरकाची ९९९ पट अधिक ब आणि क यांच्या फरकाची ९० पट, असे दिसून येते. याचा अर्थ वजाबाकी चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे, आणि या फरकांच्या शक्य जोड्या अवघ्या ५४ आहेत. नऊ हजारांच्या घरातले काम चोपन्नावर आले! शिवाय ९९९ व ९० या दोन्ही संख्यांना ९ ने भाग जात असल्याने प्रत्येक वजाबाकी नऊच्या पाढ्यात असणार, हेही ओघाने आले. अक्षरे वापरून गणित करण्याने काय मिळते, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला सातवीपासून छळत असतो, त्याला याहून बोलके उत्तर क्वचितच मिळेल.

दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया करण्यास सांगावे. 'वजाबाकी पुन्हा तीच येईपर्यंत थांबू नकोस' अशी आज्ञा दिलेला संगणक थांबतच नाही. कारण ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र चालू राहते. चार अंकांबाबत जे खरे, ते दोन अंकांबाबत खरे नाही. कापरेकरांच्याच 'स्वयंभू' संख्यांचा अनुभव याहून मार्मिक आहे. एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज एकत्र केली असता नवी संख्या 'जन्मते'. उदाहरणार्थ, २१ पासून २४. ज्या संख्येला असा जनक नाही ती स्वयंभू. आज्ञावलीने यादी काढली, तर ९, २०, ३१, ४२ अशा अकरा-अकराच्या अंतराने त्या थेट १०८ पर्यंत येत राहतात. कोणीही विद्यार्थी पुढची संख्या ११९ सांगेल. पण ११९ ला १०९ हा जनक आहे, आणि खरी पुढची स्वयंभू संख्या ११० आहे. नऊ वेळा खरे ठरलेले अनुमान दहाव्या वेळी फसले. सिद्धता कशाला हवी, हे भूमितीच्या पुस्तकातील प्रमेयांनी ज्यांना पटत नाही, त्यांना ही यादी पटवून देते.

इतिहासाचा इशारा

या कल्पनेला मोठी परंपरा आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फर्झिग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातील 'कासव' आज्ञेबरहुकूम पुढे जाते, वळते आणि मागे रेषा सोडते. समभुज त्रिकोण काढावयाचा म्हणून मूल त्याला प्रत्येक बाजूनंतर ६० अंशांत वळायला सांगते, आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षट्‌कोन उमटतो. त्रिकोणाचा आंतरकोन ६० अंशांचा खरा, पण चालणाऱ्याला वळावे लागते ते बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून. कोणत्याही बहिर्वक्र बहुभुजाकृतीला पूर्ण फेरी मारली की एकूण वळण ३६० अंशांचे होते, हे प्रमेय मुलाला पाठ करावे लागत नाही. प्रदक्षिणा घालणाऱ्या कोणालाही ते पायांनी ठाऊक असते.

पॅपर्ट यांच्या कल्पनेतून जी भावंडे जन्मली त्यांत २००७ साली सर्वांसाठी खुली झालेली 'स्क्रॅच' ही भाषा प्रमुख आहे. पण म्हणून 'आज्ञावली आली की गणित आले' असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८४ च्या सुमारास रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी दाखवून दिले की, लोगो शिकलेल्या मुलांचे नियोजनकौशल्य इतरांपेक्षा आपोआप सरस होत नाही. अलीकडे इंग्लंडमध्ये शंभरावर शाळांत स्क्रॅचच्या साहाय्याने गणित शिकविण्याचा दोन वर्षांचा प्रयोग झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार मुलांची संगणकीय विचारशक्ती सुधारली, पण गणिताच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांत फरक आढळला नाही. आपल्या देशातही १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाच्या योजनेखाली निवडक शाळांत बीबीसी बनावटीचे संगणक बसविण्यात आले. त्या योजनेचा भर संगणक-साक्षरतेवर होता. गणिताच्या तासाशी त्या यंत्राचा सांधा जुळला नाही.

या अनुभवांतून कोडिंगच्या विरोधकांनी हर्ष मानण्याचे कारण नाही, आणि समर्थकांनी ते झाकून ठेवण्याचेही नाही. त्यांचा अर्थ इतकाच की, यंत्र आणि संकल्पना यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही. तो शिक्षकाला बांधावा लागतो. किंबहुना काही ठिकाणी आज्ञावलीची भाषा गणिताच्या भाषेशी भांडतेही. 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' हे समीकरण गणितात अशक्य आहे, पण संगणकाला ती नित्याची आज्ञा आहे. बरोबरीचे तेच चिन्ह एका ठिकाणी समानता सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी 'येथे ही किंमत ठेव' असे सांगते. हा भेद कोणी उलगडून दाखविला नाही, तर मुलाच्या मनात समीकरणाविषयी नवाच गोंधळ माजेल. मात्र तो उलगडला, तर चल म्हणजे काय हे त्याला पूर्वीपेक्षा स्पष्ट कळेल. तसेच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पुष्कळ संगणकभाषा ०.३ हून यत्किंचित अधिक दाखवितात. हा यंत्राचा बिघाड नव्हे. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा अखंड आवर्ती, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश अखंड आवर्ती असतो. नववीच्या पुस्तकातील परिमेय संख्यांच्या प्रकरणाला याहून चांगली प्रस्तावना कोणती?

परिसरातील गणित

प्रकल्पांचे विषय मुंबई-बंगळूरहून आणण्याची गरज नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की तो घनफूट प्रतिसेकंदात जाहीर होतो, आणि रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी चढले यावरून साऱ्या पंचवटीत पुराची चर्चा होते. एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, सेकंदाला दहा हजार घनफुटांच्या वेगाने सोडल्यास किती वेळ लागेल? एक लाख सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तासांहून थोडे अधिक. हे गणित साधे, पण वृत्तपत्रातील आकडे पहिल्यांदाच मुलाच्या आवाक्यात आणणारे. विसर्ग दुप्पट झाला म्हणून मारुतीपाशी पाण्याची उंची दुप्पट होते का? होत नाही, कारण नदी चढते तशी पसरतेही. समचलन कोठे लागू पडते आणि कोठे नाही, याचा पाठ त्या काठावरच मिळतो.

पंचवटीतील बाजार समितीत रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे भाव निघतात. दहा क्विंटल माल हजार रुपयांनी आणि नव्वद क्विंटल दोन हजारांनी गेला, तर सरासरी भाव दीड हजार म्हणावयाचा, की एकोणीसशे? शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला भारित सरासरीची व्याख्या पाठ करावी लागणार नाही. तो ती मागून घेईल. सिंहस्थाचेही तसेच. गुरू सूर्याभोवतीची फेरी सुमारे ११.८६ वर्षांत पूर्ण करतो, बारा वर्षांत नव्हे. दर फेरीला साचणारा फरक सात फेऱ्यांत जवळजवळ एका वर्षाचा होतो, आणि म्हणून बारा वर्षांच्या ठोकताळ्यात मधूनच एक वर्ष कमी करावे लागते. ही मांडणी आज्ञावलीत करताना दशांश अपूर्णांक, बाकी आणि आवर्तन या तिन्ही कल्पना एकत्र येतात.

परिसराच्या उदाहरणांतून गणित शिकविण्याची ही रीत परकीयही नाही. इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला. त्याचाच भाग असलेल्या लीलावतीत भुंगे, मोर, हंस यांच्या निमित्ताने गणित मांडलेले आहे, आणि कुट्टकासारखी पायरीपायरीने चालणारी रीत तीत आहे. त्या पायऱ्या आजच्या आज्ञावलीत जशाच्या तशा उतरतात. चाळीसगावनजीक पाटण येथील १२०७ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. ज्या प्रदेशात गणिताच्या अध्ययनासाठी आठ शतकांपूर्वी दान दिले गेले, तेथे गणिताचा तास केवळ धास्तीचा उरावा, हे शोभणारे नाही.

दार कोणासाठी?

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप साधनांचा. पालिकेच्या शाळेत संगणक थोडे, त्यांतले काही बंद, विजेचा भरवसा नाही. पण वर सांगितलेल्या कोणत्याही प्रकल्पाला प्रत्येक मुलामागे एक यंत्र लागत नाही. आठवडाभर वहीत पायऱ्या लिहाव्यात, एकाने कासव व्हावे व दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात, आणि शेवटी चार-पाच जणांच्या गटाने अर्धा तास एका संगणकावर बसावे, एवढे पुरे. यंत्रापुढे बसण्याआधी उत्तर काय येईल याचा अंदाज कागदावर लिहून ठेवण्याची शिस्त तर संगणक कमी असल्यानेच अधिक चांगली लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि अगदी अलीकडचा. आज प्रश्न टाकला की संपूर्ण आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपलब्ध आहेत. मग मुलांनी ती का लिहावी? नोकरीसाठी कोडिंग शिकवू पाहणाऱ्यांपुढे हा प्रश्न खरोखर अवघड आहे. गणितासाठी शिकविणाऱ्यांपुढे नाही. गणकयंत्र आले म्हणून भागाकाराचे आकलन अनावश्यक झाले नाही. मात्र परीक्षेची पद्धत बदलावी लागेल. मुलाने आणलेल्या आज्ञावलीला गुण देण्यात आता अर्थ नाही. गुण द्यावेत ते या प्रश्नांच्या उत्तरांना: येथे शून्य का गाळले नाहीस? ही आज्ञा काढली तर काय होईल? यंत्र म्हणते ते नेहमीच खरे असेल कशावरून? दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत उसनवारी उघडी पडते आणि समज उजळून दिसते.

तिसरी अडचण शिक्षकाची आहे, आणि ती सर्वांत खरी आहे. बहुतेक शाळांत संगणकाचा तास एकाकडे आणि गणिताचा दुसऱ्याकडे. पहिल्या तासाला मुले टंकलेखन आणि तक्ते शिकतात, जे पुढे एमएस-सीआयटीला आणि कचेरीतील कामाला उपयोगी पडते. दुसऱ्या तासाला ती सूत्रे घोकतात. हे दोन तास एकमेकांना भेटत नाहीत. शासनाने नवा विषय, नवे पुस्तक आणि नवी परीक्षा आणण्यापेक्षा गणिताच्या शिक्षकाला आठवड्यातून एक तास संगणककक्षात हक्काने द्यावा. त्याच्या प्रशिक्षणात एखाद्या संगणकभाषेच्या व्याकरणापेक्षा कापरेकरांच्या संख्या, कासवाची भूमिती आणि बाजारभावांची सरासरी यांना स्थान असावे. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या माथ्यावर, या प्रकल्पातून पाठ्यपुस्तकातील कोणती संकल्पना स्पष्ट होणार, हे एका वाक्यात लिहिण्याचे बंधन असावे. ज्या प्रकल्पाला ते वाक्य लिहिता येत नाही, तो गणिताच्या तासाला नको.

अखेरचा मुद्दा न्यायाचा आहे. हजारो रुपये शुल्क घेणाऱ्या शिकवण्यांतून काही मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचेलच. प्रश्न उरतो तो रामकुंडावर फुले विकणाऱ्या, बाजार समितीत हमाली करणाऱ्या आणि गोदाकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींचा. बंद दार म्हणजे काय, हे पंचवटीला सांगावे लागत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. ज्ञानाच्या दाराला कुलूप दिसत नाही. ते शुल्काच्या, भाषेच्या आणि भीतीच्या रूपाने लागलेले असते. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाने मराठीतूनच आपल्या आज्ञावलीचे स्पष्टीकरण द्यावे आणि ते पूर्ण गुणांस पात्र ठरावे, ही त्या कुलपाची एक किल्ली आहे. गणिताच्या शिक्षकाला त्याचा तास आणि थोडे स्वातंत्र्य देणे ही दुसरी. या दोन्हींसाठी मोठ्या निधीची गरज नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात नाशिकच्या शाळांना हा एक तास बसविता येतो की नाही, यावरून कोडिंगविषयीच्या साऱ्या घोषणांचा खरेपणा ठरेल.